कवड्यांची वाटणी

माझ्या थोरल्या बहिणीने समुद्र कधी पाहिला नाही. आमच्या अख्ख्या तांड्यात समुद्राचं वेड कुणाला असेल तर ते तिला होतं, आणि पाहून आले मी. तिला शाळा नव्हती, मला होती; तिच्या वाट्याला शेळ्या आल्या, माझ्या वाट्याला यवतमाळचं वसतिगृह आलं; इतक्या गोष्टी तिच्या ताटातून माझ्या ताटात सरकल्या की समुद्र ही त्यातली एक, असं कुणी म्हणेल. पण बाकीच्या गोष्टी मला दिल्या गेल्या. समुद्र मात्र मी तिच्यापासून काढून घेतला. हे आता या वयात लिहिते आहे.

आमचा तांडा बोरी अरबच्या पलीकडे, अडाण नदीच्या अंगाला. बाची पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, थोडी जमीन होती, शेळ्या होत्या, आणि दारात एक म्हातारा बैल होता, ज्याच्याकडून कुणी काम घेत नसे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. बा आम्हाला सांगायचा की त्याचा आजा समुद्राच्या काठावरून मीठ आणायचा, वाटेत गोण्या झिरपायच्या आणि मागचा बैल पुढच्या बैलाची गोणी चाटत चालायचा. ही गोष्ट ऐकली की मी हसायची. माझी ही थोरली बहीण, झमकूबाई, हसत नसे. ती उठायची, चुलीमागच्या मडक्यातून खड्याचं मीठ घ्यायची, ओंजळीत पाणी घेऊन त्यात ते विरघळवायची आणि जिभेच्या टोकाने चाखायची. म्हणायची, "असा असंन समुद्र." याडी तिच्यावर ओरडायची की मीठ सांडवू नको, घरातली लक्ष्मी आहे ती. याडी म्हणजे आमची आई. घरात आम्ही आमची गोरबोलीच बोलायचो; ती लिहिली तर माझ्या नातवंडांनाही कळायची नाही, म्हणून इथे सगळ्यांना मी आमच्या बाजारातली वऱ्हाडी बोलायला लावते आहे.

नदी उन्हाळ्यात आटली की पात्रात वाळू उघडी पडायची. शेळ्या काठावर सोडून झमकूबाई त्या वाळूत वाकून चालायची आणि तिच्यामागे मी. गारगोट्या, काचेसारखे लालसर खडे, नखाएवढे शिंपले, कुणाच्या तरी बांगडीचा तुकडा. तिची नजर फार तेज. माझ्या पायाखालचा शिंपला मला दिसायचा नाही, तिला दुरून दिसायचा. सापडलेलं सगळं ती पदराच्या टोकाला बांधायची आणि घरी आल्यावर त्यातलं निम्मं मला द्यायची, तेही चांगलं निम्मं. नदीची एक अडचण होती. एकदा धुंडाळलेली वाळू पुन्हा पुढच्या पावसापर्यंत काही द्यायची नाही. झमकूबाईला वाटायचं की समुद्राचं तसं नसणार, तो रोज नवं आणून टाकत असणार. हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी पुढे पाहिलं तेव्हा ते अक्षरशः खरं निघालं.

आता कवड्यांचं सांगते. आमच्यात मुलगी सासरी जाताना तिच्याबरोबर फुलियागणो जातो. फुलिया म्हणजे घागरीखालची चुंबळ, आणि गणो म्हणजे तिच्यामागे पाठीवर लोंबणारं चौकोनी भरतकामाचं कापड. त्याच्या कडेकडेने कवड्या शिवलेल्या असतात. सासरच्या तांड्यात पहिल्या सकाळी नवी सून हा गणो डोक्यावर घेऊन पाणी भरायला जाते आणि साऱ्या बाया तो बघतात. त्यावरून मुलीच्या आईचा हात कसा आहे, घर कसं आहे, मुलीवर जीव किती आहे, ते ठरतं. कवड्या विकत घेतलेल्या नसतात. आईच्या गण्यावरून उसवून मुलीच्या गण्यावर लागतात, आणि आईला त्या तिच्या आईकडून आलेल्या असतात. हाताळून हाताळून त्या पिवळसर, लोण्यासारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. याडीच्या कवड्या तशाच होत्या. पण तिला मुली दोन आणि कवड्या एका गण्यापुरत्या.

झमकूबाईची सोयरीक बाभुळगावकडच्या एका तांड्यात ठरली आणि वैशाखातलं लग्न धरलं, तेव्हा याडीने गणो मांडीवर घेतला आणि कवड्यांची दोन ढिगात वाटणी करायला बसली. दोन्ही गणे विरळ दिसणार म्हणून तिचा चेहरा उतरला होता. नेमकी त्याच सुमारास आमच्या वसतिगृहाच्या बाईंनी काही मुलींना सुट्टीत कोकणात न्यायचं ठरवलं होतं. बाईंचं माहेर तिकडे समुद्राच्या काठी होतं आणि मोठ्या वर्गातल्या मुलींनी समुद्र पाहिलाच पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं. माझं नाव त्यात होतं. हे ऐकल्यावर झमकूबाईने दोन्ही ढीग हाताने एकत्र केले आणि माझ्याकडे सरकवले.

"याडी, ह्या साऱ्या रूपलीच्या गण्याले लाव," ती म्हणाली. "माह्यासाठी ते समुद्रावरून आणते. ताज्या. आपल्या तांड्यात कोणाच्याच गण्याले ताज्या कोड्या नाही."

रूपली म्हणजे मी, आणि कवडीला आम्ही कोडी म्हणतो. याडी नको म्हणाली, पिढ्यांच्या वस्तूवर थोरलीचा मान आधी. पण झमकूबाईचं ठरलं होतं. तिला वाटणी सोडल्याचं दुःख नव्हतंच. तिच्या डोळ्यांत लग्नापेक्षा जास्त त्या ताज्या कवड्यांचा आनंद होता. प्रवासासाठी तिने मला झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ज्वारीच्या जाड बाट्या, म्हणजे आमच्याकडच्या भाकरी, आणि लसणाची चटणी भरून दिली आणि सांगितलं की डबा रिकामा झाला की त्यातच आण.

दारव्ह्याहून छोटी गाडी, मूर्तिजापूरहून मोठी गाडी, मग मुंबईहून बोट. बोटीत मी ओकून ओकून अर्धी झाले आणि समुद्र पाहायच्या आधीच त्याला शिव्या घातल्या. पण सकाळी काठाला नेणाऱ्या पडावातून उतरून ओल्या वाळूत पाय ठेवला आणि सगळं विसरले. खरंच सगळं विसरले, हीच तर गोष्ट आहे. बाईंच्या गावचा किनारा लांबलचक होता आणि मुली पाण्यात धावत असताना मी आपली अडाण नदीतल्यासारखी वाकून चालत सुटले. काय नव्हतं तिथे. शंख, पंख्यासारखे शिंपले, कागदासारखा हलका समुद्रफेस, पाण्याने झिजवून गोल केलेल्या काचा, कुठल्या होडीचं घासलेलं लाकूड, नारळाची कवटी. आणि सकाळी सगळं वेचून झालं की दुपारी भरती सारं पुसून टाकायची आणि ओहोटीला पुन्हा नवं मांडलेलं. मी वेड्यासारखी वेचत होते. कानात एकच घोष, केसांत वारा, ओठांवर मीठ. जेवायला बोलावलं तरी मला ऐकू यायचं नाही. बाईंच्या आईने केलेला माशांचा कालवण-भात मी मुकाट्याने गिळायची आणि पुन्हा पळायची. इतकी सुखात मी पूर्वी कधी नव्हते आणि त्या सुखात झमकूबाई नव्हती. तिची आठवण मला फार उशिरा, निघायच्या आदल्या दिवशी आली.

वाळूत कवड्या होत्या, नाही असं नाही, पण तुटक्या, पांढऱ्याफटक पडलेल्या. त्या वेचायला आठवडा हवा होता आणि माझा आठवडा शंखात गेला होता. मग ओहोटीला मी खडकांवर गेले. खडकांच्या खाली, साचलेल्या पाण्यात, कवड्या चिकटून बसल्या होत्या, चकचकीत, कुणी नुकतं तेल लावल्यासारख्या. मी झपाझप डब्यात टाकत गेले. हातात घेतली की काहीतरी काळपट, पातळ आत ओढलं जायचं. मला वाटलं शेवाळ असेल. मला वाटलं असं म्हणते, पण खरं तर मी थांबून पाहिलंच नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कवड्या होत्या. आरशाला, मण्याला, दोऱ्याला जसा जीव नसतो तसा कवडीलाही नसतो, याबद्दल कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. डबा भरला, झाकण घट्ट बसवलं आणि मी खूश झाले.

परतीच्या गाडीत, भर दुपारी, एका मुलीने फराळाचा समजून तो डबा उघडला. त्या वासाचं वर्णन मी करत नाही. गाडीतली सगळी माणसं नाक दाबून खिडक्यांना चिकटली. बाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्यांनी मला हळूच सांगितलं की या कवड्या जिवंत होत्या, कवडी म्हणजे गोगलगायीसारख्या एका जिवाचं घर असतं, आणि ते जीव आता आत मरून कुजले आहेत. त्यांच्या माहेरी असं झालं तर मुंग्यांच्या वारुळाशी पुरून ठेवतात, महिन्याभरात मुंग्या साफ करतात. पण गाडीत हे नको, फेकून दे, असं त्या म्हणाल्या. मी खिडकीशी गेले आणि त्यांच्या देखत एक पुरचुंडी बाहेर भिरकावली. ती माझ्या शंखांची होती. डबा मी फडक्यांत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी घातला. त्या वेळी मला वाटलं होतं की बहिणीसाठी मी केवढा त्याग केला.

घरी पोचले तेव्हा लग्न दाराशी आलं होतं. महिनाभर वारुळात पुरायला महिना कुठून आणायचा? दारापुढे मांडव, याडी सरकीच्या पोत्यांशेजारी बसून घागऱ्याला आरसे लावते आहे, नगारा तापवायला काढला आहे. आणि भिंतीवर माझा गणो टांगलेला. मी नव्हते तेवढ्यात याडीने तो पुरा केला होता. चारी कडांना दाट, एकीला एक चिकटून, तिच्या आईच्या, आजीच्या त्या लोणीपिवळ्या कवड्या. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. बाईंनी जे सांगितलं ते मी त्या क्षणी घरात सांगितलं असतं, तर याडीने निम्म्या कवड्या उसवून झमकूबाईला लावल्या असत्या. एका दुपारचं काम. एवढंच करायचं होतं. मी लहान होते, घाबरले होते, लाज वाटत होती, हे सगळं खरं आहे. पण तो भरगच्च गणो मला तसाच हवा होता, हेही तितकंच खरं आहे, आणि इतक्या वर्षांत हे मी एकाच माणसाजवळ बोलले आहे.

झमकूबाईने डबा परसात नेऊन उघडला. कवडी कापडावर शिवायची तर तिची फुगीर पाठ दगडावर घासून काढावी लागते, म्हणजे ती सपाट बसते आणि आतून दोरा ओवता येतो. ती पाटा घेऊन बसली आणि पहिली कवडी घासली. पाठ फुटली तसं आतून काळं, चिकट काहीतरी तिच्या बोटांवर आलं. तिने हात नाकाशी नेला आणि लांब केला.

"रूपे, हे काय वो?"

"समुद्राचा गाळ," मी म्हणाले.

तिने पुन्हा बोट हुंगलं. तिचा चेहरा आधी आक्रसला, मग तिने तो ठरवून सरळ केला. मला अजून तो चेहरा दिसतो. मनात धरलेल्या माणसाला पहिल्यांदा पाहावं आणि तो तसा नसावा, तरी आपला म्हणून घ्यावा, तसं काहीतरी त्यात होतं.

"समुद्राचा वास असाच असते?"

मी हो म्हणाले.

"मंग असू दे," ती म्हणाली आणि दुसरी कवडी घासायला घेतली. राखेने धुतल्या, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यात उकळल्या, उन्हात टाकल्या. वास कमी झाला, गेला नाही. कवडीच्या वळणात जिथे बोट पोचत नाही तिथे तो बसून राहिला. याडीला शंका आली होती. ती मला सारखं विचारायची की अशा कशा या कोड्या. माझ्याऐवजी झमकूबाईच सांगायची की याडी, आपल्या कोड्या जुन्या झाल्या म्हणून त्यांचा वास उडाला, नवीन होत्या तेव्हा त्याही अशाच असतील. माझ्या सोयीची ही समजूत तिने स्वतःच बांधली होती आणि मला काही बोलावं लागत नव्हतं. लग्नात बकरं पडलं, गूळ-गव्हाची गळवाणी पिऊन पाहुणे तृप्त झाले, आणि निघताना झमकूबाई याडीच्या गळ्यात पडून ढावलो गायली. ते आमचं सासरी जातानाचं रडगाणं, मुलीने स्वतः गायचं. त्यात ती बाच्या बैलाचं नाव घेते, नदीचं घेते, भावंडांचं घेते. माझ्या गळ्यात पडून तिने गायलं की माझ्या बहिणीने मला समुद्र आणून दिला. सगळ्या बाया रडल्या. मीही रडले, पण त्यांच्या कारणाने नाही.

तिच्या सोबतीला मी सासरी गेले होते. पहिल्या सकाळी ती फुलियागणो डोक्यावर घेऊन, त्यावर दोन घागरी ठेवून विहिरीकडे निघाली. वैशाखातलं ऊन सकाळीच तापलं होतं आणि उन्हाने तो वास जागा केला. आधी माशा आल्या. मग एक कुत्रं तिच्या मागे मागे हुंगत चालू लागलं, हाकललं तरी जाईना. विहिरीवरच्या बायांनी ओढण्या नाकाला लावल्या. कुणीतरी खुसपुसलं, कुणी फिस्सकन हसलं. तिची सासू उंच, कोरड्या चेहऱ्याची बाई होती. ती पुढे आली, गण्याचं टोक उचललं आणि विचारलं की या कापडात काय मेलं आहे.

झमकूबाईने घागरी खाली ठेवल्या नाहीत. मान ताठ ठेवून ती म्हणाली, "मेलं नाही काही. हा समुद्राचा वास हाय. माही बहीण सोता समुद्रावर गेलती, तिनं आणल्या ह्या कोड्या."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. सासूने मला विचारलं, "खरं काय वो पोरी?"

झमकूबाईही माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत जराही प्रश्न नव्हता. मी मान हलवली. सासू गण्याचं टोक सोडून म्हणाली की असेल माय, आपल्या बुढ्यांनी तिथूनच मीठ आणलं, आपल्याला कुठं माहीत. बाया बाजूला झाल्या. झमकूबाईने पाणी भरलं. पण त्या दिवसापासून त्या तांड्यात तिचं नाव 'समुद्रवाली' पडलं आणि ते काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. गणो घरात घेऊ दिला नाही, बाहेर कडुलिंबाला टांगला. पुढे मुंग्या लागल्या, पाऊस झाला, आणि हळूहळू त्या कवड्या आपोआप साफ झाल्या.

माझं लग्न झालं तेव्हा मी शिक्षिका होते, नवराही शिक्षक. शहरातलं लग्न, साडीतलं. फुलियागणो घेऊन कुठल्या विहिरीवर जाणार होते? नळ होता. याडीच्या कवड्यांचा तो दाट गणो ट्रंकेत गेला तो तिथेच राहिला. एकदाही त्यावर घागर टेकली नाही. आताही तो माझ्याकडे आहे. मधे एकदा सुनेने तो भिंतीला लावू म्हटलं, शोभेसाठी, तर मी उगाच तिच्यावर खेकसले.

त्याआधी, नोकरीच्या पहिल्या उन्हाळी सुट्टीत, मी झमकूबाईकडे गेले. तिला समुद्रावर न्यायचं मी ठरवून गेले होते. मनात होतं की एवढं केलं की फिटेल. ती दारात बाटी थापत होती, दोन मुलं अंगणात. कोपऱ्यात तिचा गणो टांगलेला, कवड्या पांढऱ्याशुभ्र, तांड्यात दुसऱ्या कुणाकडे नसतील अशा. मी तिला सांगितलं की माझ्याबरोबर चल, मुलं सासू सांभाळेल, तुला समुद्र दाखवते. मला वाटलं ती उडी मारेल. तिने तव्यावरची बाटी उलटली आणि जरा ओशाळून हसली.

"नको रूपे. मले तो वास नाही सोसत," ती म्हणाली. "एवढ्याशा कोड्यात तेवढा होता. तिथं तर पुरा समुद्र असंन. लहानपणी लय वाटे जावं, जावं. मंग त्या दिवसानंतर सपनातही आला तर मी नाक दाबो."

तेव्हा मी सांगितलं. कवड्यांतले जीव, गाडीतल्या बाई, भिंतीवरचा माझा गणो, सगळं. सांगताना मी चुलीतल्या जाळाकडे पाहत होते. बाटी करपली, तिचं लक्ष गेलं नाही. ती उठून कोपऱ्यात गेली, गण्याच्या कडेवरून एकेका कवडीवरून बोट फिरवत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. विहिरीवर सगळ्यांसमोर ताठ मानेने जे बोलली ते खोटं होतं, हे तिला पहिल्यांदा कळत होतं, आणि ते तिच्या तोंडून मी वदवून घेतलं होतं. मग ती वळली. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ती परसातली झमकूबाई होती, ओंजळीतलं मिठाचं पाणी चाखणारी.

"मंग खरा वास कसा असते, सांग मले," ती म्हणाली.

मी सांगायला तोंड उघडलं. तो किनारा मला दिसला, शंख दिसले, घोषही ऐकू आला. मी खूप आठवून पाहिलं. पण नाकाशी आला तो फक्त झाकण उघडलेला डबा. ती उत्तराची वाट पाहत उभी होती.